सव्वीस किलो चारशे ग्रॅमची सायकल

लेकीची सायकल पुण्याहून महागावला आली ती ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून. सकाळी सातच्या सुमारास गाडी थांबली, ड्रायव्हर खाली उतरला आणि एका हाताने सायकल बाहेर ओढायला गेला. सायकल हलली नाही. मग त्याने दोन्ही हात लावले, एक पाय बंपरला रोवला आणि दातओठ खाऊन ती रस्त्यावर आणली. घाम पुसत मला म्हणाला, "बाई, पावतीवर तं सायकल लिवली आहे. हे तं फटफटी होय."

मलाही शंका आलीच होती. टायर माझ्या दंडाएवढे जाड, मधली दांडी बोअरच्या पाइपासारखी फुगलेली, आणि सगळी काळीभोर. लेक पुण्यात नोकरी करते. रविवारी ही सायकल घेऊन डोंगर चढायची. ऑफिसने तिला दीड वर्षासाठी परदेशात पाठवलं, तेव्हा जाण्याआधी तिने फोनवर मला बजावलं होतं, "आई, विकायची नाही, कुणाला द्यायची नाही आणि कव्हर घालून ठेवायची तर मुळीच नाही. बॅटरी पडून राहिली की मरते. तू चालव."

मी पंचावन्न वर्षांची. अंगणवाड्यांवर देखरेख करायला गावोगाव फिरणारी पर्यवेक्षिका. स्कूटी मला कधी जमली नाही. दोनदा शिकले, दोनदा त्याच बाभळीत गेले. त्यामुळे ऑटो आणि एसटी हेच माझं वाहन. सायकल मात्र शाळेत असताना चालवली होती, आणि ती विसरत नाही असं सगळेच म्हणतात.

आमच्या घरात वजनाचे दोन जाणकार आहेत. मी गावोगावच्या लेकरांचं वजन पाहते, आणि माझे यजमान बाजार समितीत मापारी आहेत, म्हणजे शेतकऱ्यांचा माल काट्यावर मोजून देतात. त्यांची बोली क्विंटलची, माझी ग्रॅमची. त्यांना एक खोड आहे. समोर काहीही आलं की नजरेनेच त्याचं वजन करतात. भोपळा, गाठोडं, लग्नात भेटलेला साडू, काहीही. मी आठ दिवस माहेरी राहून आले की पाणी विचारायच्या आधी म्हणतात, "दोन किलो." आणि दुःखाची गोष्ट अशी की ते चुकत नाहीत.

सायकल घरासमोर आली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, डोळे बारीक केले आणि सांगून टाकलं, "सतरा. लय झालं तं अठरा."

आम्ही राहतो वरच्या मजल्यावर. खाली बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि दुकानासमोर कायम पोत्यांची थप्पी. सायकल ठेवायची तर वरच. जिना बाहेरून आहे, लोखंडी, अरुंद, आणि मध्येच कोपरा घेऊन वळतो. यजमानांनी पुढचं चाक धरलं, मी मागचं.

तिसऱ्या पायरीवर त्यांनी मागे वळून पाहिलं. "तू उचलून राह्यली का लटकून राह्यली?"

"उचलूनच राह्यली. तुम्हीच सोडून देल्ली असन."

वळणावर हँडल कठड्यात अडकलं. ते काढायला मी सायकल तिरकी केली, तर पायडल फिरून त्यांच्या नडगीवर बसलं. ते जे बोलले ते इथे लिहीत नाही. दुकानदार खालून आमच्याकडे मान वर करून पाहत होता, त्याने विचारलं, "आलमारी घेतली का हो?" यावर आम्हा दोघांनाही हसू फुटलं आणि हसताना हातातली ताकद जाते हे मला त्या दिवशी कळलं. सायकल पाच पायऱ्या खाली आली आणि आम्हीही तिच्यासोबत आलो.

वर पोचल्यावर मी आधी पाणी प्यायले आणि मग काटा काढला. एका अंगणवाडीत पोचवायचा नवा काटा घरात होता, बाळाला झोळीत बसवून लटकवतात तो. झोपाळ्याच्या कडीला काटा अडकवला, काट्याला दोरीने सायकल. काटा भर्रकन फिरला आणि पंचवीसवर जाऊन अडला. त्यापुढे आकडेच नव्हते.

"तुह्या काट्यावर लेकरं मोजतेत," यजमान म्हणाले. "हे काय लेकरू आहे का? काटा बिघडवशीन."

"म्हणजे अठरा नाही, एवढं तं मान्य आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून येते तर सायकल जागेवर नव्हती. त्यांनी ती एकट्यानेच जिन्यावरून उतरवून बाजार समितीत नेली होती. पुढचं मला त्यांच्या सोबतच्या हमालाकडून कळलं. सोयाबीनचे दिवस, यार्डात गर्दी; माल मोजायला बसलेले शेतकरी सायकलभोवती जमले. कोणी वीस म्हणालं, कोणी पंधरा, एका म्हाताऱ्याने तर दहावर ठाम राहून चहाची पैज लावली. यजमानांनी सायकल मोठ्या काट्यावर चढवली. आकडा पाहिला. उतरवली, काटा पुसला, शून्यावर आणला, पुन्हा चढवली. मग बाजूच्या दुसऱ्या काट्यावर नेली.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी चप्पल काढली आणि कुणाचं तरी वाईट झालं असावं अशा आवाजात सांगितलं, "सव्वीस किलो चारशे."

त्या दिवशी त्यांनी लेकीला फोन लावला. "बेटा, एवढी जड सायकल कायले घेतली तू?"

"बाबा, त्यात मोटर आहे, बॅटरी आहे, दगडांवर आपटायचं म्हणून सगळंच मजबूत आहे. पण वजन कळत नाही. चढावर तीच मदत करते ना."

"मंग जिन्यावर काहून नाही करत मदत?"

लेक म्हणाली, करते. हँडलवर एक बटण आहे, ते दाबून धरलं की सायकल हळूहळू आपोआप चालते, आपण फक्त सोबत जायचं. हे ऐकून यजमानांचा चेहरा उजळला. लगेच प्रयोग झाला. त्यांनी जिन्याशी सायकल लावली आणि बटण दाबलं. सायकल पहिली पायरी चढली, दुसरी चढली, मग पुढचं चाक हवेत उठलं आणि ती गोठ्यातून सुटलेल्या गोऱ्ह्यासारखी मागच्या पायांवर उभी झाली. यजमान बटण सोडायचं सोडून ते आणखी घट्ट धरून बसले. मी ओरडत होते, "सोडा! अवो सोडा!" ते ओरडत होते, "सोडली तं पडन ना!" शेवटी दुकानदाराने येऊन तिला मागून धरलं.

त्यातून एकच कामाची गोष्ट निघाली. किल्ली फिरवली की बॅटरी वेगळी निघते. बॅटरी साडेतीन किलो भरली, म्हणजे चांगलं पोसलेलं तान्हं बाळच. मग रोजचा क्रम ठरला. मी बॅटरी कडेवर घेऊन पुढे, ते उरलेली सायकल ओढत, ढकलत, तिला शिव्या देत मागे. हँडल वळणावर रोज अडकायचं.

चालवायला मात्र ती सायकल म्हणजे मौज होती. आठवडाभर मी पहाटे शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारल्या. पायडल जरासं दाबलं की मागून कुणीतरी हलकेच पाठीवर हात ठेवून ढकलावं तसं व्हायचं. वडिलांनी मला सायकल शिकवली होती ती अशीच, मागून सीट धरून. मी मागे वळून पाहायची आणि ते तिथे असायचे. आता पंचावन्नाव्या वर्षी मी त्या मैदानावर दोन-तीनदा खरोखरच मागे वळून पाहिलं.

मग मी ठरवलं, गुरुवारच्या भेटीला सायकलनेच जायचं. भेट होती एका बंजारा तांड्यावरच्या अंगणवाडीत. महागावपासून आठ-नऊ किलोमीटर, मध्ये एक नाला, आणि नाल्याच्या पुढे सगळा चढ. ऑटो तांड्याच्या खालीच सोडतात, वरचं अंतर पायी. मी हेल्मेट घातलं, रजिस्टर पाठीवरच्या पिशवीत टाकलं आणि निघाले. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. वेचणाऱ्या बाया कमरेत ताठ होऊन माझ्याकडे पाहायच्या. चढ लागला तसं मी बटणाने जोर वाढवत नेला, अगदी शेवटच्या टोकापर्यंत. एका मोटारसायकलवाल्याच्या बरोबरीने मी तो चढ चढले. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि गाडीचा वेग वाढवला.

हँडलवरच्या छोट्या पडद्यावर चार रेघा होत्या, त्यांच्या दोन झाल्या, एक झाली. मी लक्ष दिलं नाही. मला वाटलं ती मोबाईलसारखी रेंज आहे. तांड्याकडे रेंज जातेच.

परत निघाले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. उतारावर काही कळलं नाही. नाला जवळ आला, जरा सपाट रस्ता लागला आणि पाठीवरचा तो हात एकदम निघून गेला. पडदा काळा. मी पायडल मारलं, तर वाटलं चिखलात पेरणीयंत्र ओढते आहे. तेवढ्यात पुढचं दिसलं. नाल्यावरच्या रपट्यावर, म्हणजे अरुंद, ठेंगण्या पुलावर, कापसाने भरलेली ट्रॉली एका बाजूला कलंडली होती आणि सगळा रस्ता तिने अडवला होता. ट्रॅक्टरवाला मदत आणायला गेलेला. जायचं तर खाली नाल्यात उतरायचं, गोट्यांवरून पाण्यातून पलीकडे जायचं आणि समोरचा काठ चढायचा.

मी सायकल धरून काठावर उभी राहिले. सव्वीस किलो चारशे. चारशेसुद्धा मला आठवलं.

पलीकडून एक म्हातारी येत होती. डोक्यावर गवताचा एवढा मोठा भारा की खाली फक्त फेटिया, म्हणजे बंजारा बायांचा घेरदार घागरा, आणि दोन पाय दिसत होते. गोट्यांवरून ती अशी आली जशी मी आमच्या स्वयंपाकघरात चालते. माझ्यापाशी आल्यावर तिने भारा खाली टाकला तेव्हा तिचा चेहरा दिसला. तांड्यावरचीच होती, मी तिला अंगणवाडीत नातवाला सोडताना पाहिलं होतं. तांड्यात वयस्क बाईला याडी म्हणतात, म्हणजे आई.

"काय झालं मॅडम?"

"याडी, सायकल बंद पडली. पलीकडे न्यायची आहे."

"सायकल कशी बंद पडते?" तिने विचारलं. प्रश्न बरोबर होता. मी तिला मोटर आणि बॅटरी समजावून सांगितली. तिने ऐकून घेतलं, मग वाकून सायकल एका हाताने उचलून पाहिली आणि खदखदून हसली. "घणो भारी छ! अवो, येच्यात काय भरलं?"

मी बॅटरी काढून दाखवली. तिने ती हातात घेऊन, खालीवर करून माझ्याकडे परत दिली. "हे तू घे. ते मले दे. डोक्यावर."

"डोक्यावर? सायकल?"

"मंग काय कडेवर?"

मला वाटलं ती गंमत करते आहे. पण तिने ओढणीच्या पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि पाय फाकून उभी राहिली. तिचं वय पासष्टीच्या पुढचं असेल. उंची माझ्या खांद्याला. मी तिला म्हटलं, तुम्हाला काही झालं तर मी तांड्यात तोंड कसं दाखवू? ती म्हणाली, "आमच्या आज्याचे बैल मीठ घेऊन पार कुठं कुठं जात होते. वजनानं बैल बसत नाही. एका अंगाले लादलं तं बसते. तू मधात ठेव."

आम्ही दोघींनी मिळून सायकल आडवी उचलली. मी ती चुंबळीवर टेकवली, तिने मान जराशी डावीकडे-उजवीकडे केली, दोन बोटं पुढे सरकवायला सांगितली, मग एक बोट मागे. "हां. सोड."

मी हात सोडले. याडी चालू लागली. पासष्टीची बाई, फेटियावरचे आरसे चमकताहेत, एक पायडल कानाजवळ, आणि डोक्यावर डोंगर चढायची विलायती सायकल, जिची दोन्ही चाकं तिच्या पावलांसोबत हळूहळू आपापली फिरत होती. मी बॅटरी कडेवर घेऊन, चपला हातात घेऊन मागे. मधल्या पाण्यात माझाच पाय घसरला. तिने न वळता विचारलं, "लेकरू पाडलं का?"

पलीकडचा काठ ती चढली आणि मी सायकल उतरवून घेतली. तिची दमछाक झाली असेल म्हणून मी पाण्याची बाटली पुढे केली, तर ती चुंबळ झटकत म्हणाली, "तुम्ही हातानं उचलता, म्हणून जड लागते. हात कायले आहेत? धरायले. उचलायले मान आहे, कंबर आहे."

मी आभार मानायला लागले, तर ती उभीच राहिली. मग माझ्या लक्षात आलं. भारा नाल्याच्या पहिल्या काठावरच राहिला होता आणि तो तिच्या डोक्यावर चढवून द्यायला दुसरं माणूस लागणार होतं. मी पुन्हा नाला ओलांडला. सायकल रस्त्यात एकटीच ठेवली. तिला कोण उचलून नेणार होतं?

भाऱ्याचं एक अंग मी धरलं आणि ताकद लावली. तो जागचा हलला नाही. याडीने आपलं अंग केव्हाच उचललं होतं. ती तिरक्या भाऱ्याआडून वाट पाहत होती.

"याडी, किती किलोचा आहे हा?"

"मले काय ठाऊक? रोज एवढाच राह्यते."

तिसऱ्या झटक्याला तो तिच्या डोक्यावर बसला. माझ्या खांद्यात कळ आली ती चार दिवस राहिली. मी वीस वर्षं त्या भागातल्या लेकरांचं वजन ग्रॅमपर्यंत लिहीत आले आणि त्यांच्या आज्या काय वाहतात हे कधी उचलून पाहिलं नव्हतं. तेव्हा मला जरा लाजच वाटली. पण लाजायला फार वेळ नव्हता, कारण मला अजून तो पेरणीयंत्रासारखा जड झालेला प्राणी घरापर्यंत ओढायचा होता.

पोचले तेव्हा दिवस मावळायला आला होता. यजमान जिन्याखाली येरझाऱ्या घालत होते. "फोन काहून नाही उचलला? मी ऑटो पाहून राह्यलो होतो!"

मी टॉवेलची चुंबळ केली. "आज मी डोक्यावर नेते. चढवून द्या."

"लोक पाहून राह्यले ना."

"पाहू द्या."

त्यांनी चढवून दिली. मी तीन पायऱ्या चढले आणि मानेतून कटकन आवाज आला. "सरक," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावरची चुंबळ आपल्या डोक्यावर घेतली. आम्ही दोघांनी मिळून सायकल तिच्यावर चढवली आणि मी ती याडीने सांगितली तशी सरकवली, दोन बोटं पुढे, एक मागे. ते चढले. वळणावर हँडल कठड्याच्या वरून अलगद निघून गेलं. त्यांनी थांबून दुकानदाराकडे खाली पाहिलं. मान न हलवता पाहिलं, त्यामुळे फार रुबाबदार दिसले.

पुढच्या गुरुवारी मी बॅटरी भरून तांड्यावर गेले. अंगणवाडीचं काम संपवून बाहेर आले तर याडी सायकलपाशी उभी. सीटवर हात फिरवत म्हणाली, "मी हिले नेलं. आता हिनं मले न्यावं."

तिने जन्मात सायकल चालवली नव्हती. चार गुरुवार लागले. फेटिया गुडघ्याशी खोचून ती बसायची आणि मी मागून सीट धरून पळायचे. पळता पळता मला धाप लागायची आणि ती मलाच ओरडायची की मी नीट धरत नाही. दुसऱ्या गुरुवारी ती पडली आणि सायकल तिच्या अंगावर. मी धावले. खालून आवाज आला, "आता उचल. मानेनं नको, हातानंच उचल."

चौथ्या गुरुवारी, शाळेसमोरच्या सपाट जागेवर, मी सीट सोडली आणि तिला कळलं नाही. ती गेली. मोटरने तिला हलकेच पुढे घेतलं आणि ती एका घरापुढून, दुसऱ्या घरापुढून, वाळत घातलेल्या मिरच्यांना वळसा घालून गेली. बाया दारात आल्या. कोणी हाका मारू लागलं, कोणी तोंडाला पदर लावला. थांबायचं कसं हे मी तिला दोनदा सांगितलं होतं, पण ते तिने मनावर घेतलेलं दिसलं नाही. सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुश्याचा, ढीग समोर होता. ती सरळ त्यात शिरली आणि थांबली.

मी धावत पोचले तेव्हा तिची सून आधीच तिथे उभी होती, कमरेवर हात, कपाळाला आठ्या. याडी केसांतलं कुटार काढत हसत होती. सुनेने सासूकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळली. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी मान खाली घातली.

तिने पदर खोचला आणि म्हणाली, "मॅडम, माहा नंबर कधी?"